भिजत घातलेल्या पत्रिका

“फाडल्या म्हणं पत्रिका. त्या जुन्या दुकानवाल्या शालनच्या लेकीच्या. लग्न म्हैन्यावर आलं आन् समद्या पत्रिका फाडून पाण्यात घातल्या. आता मोडल्यातच जमा. आन् फाडल्या कुणी, म्हाईतीय का? तर...”

एवढं बोलून ती बाई मार्गासनीच्या फाट्यावर उतरून गेली.

मी वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसले होते. नसरापूरपासून त्या दोघींचं बोलणं ऐकत होते. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मला कळतं, पण भरलेल्या जीपमध्ये माणसानं कान ठेवायचे कुठं? तिची जोडीदारीण अजून पुढं बसलेली होती. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि विचारलं, “कुणी फाडल्या ओ?”

ती म्हणाली, “त्येच तर सांगत हुती ती.”

आता माझा जीव थाऱ्यावर राहील का? शालन माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. दिवस माझा तिच्या दुकानात जातो, तिथला चहासुद्धा मीच टाकते. पुण्याला नातवाच्या बारशाला म्हणून चार दिवस काय गेले, तेवढ्यात एवढं घडलं, आणि मला ते जीपमध्ये, तेही अर्धं कळावं!

पण मला नवल वाटलं नाही. त्या दुकानात किस्से असेच साठतात, पुण्याहून येणाऱ्या गाठोड्यांसारखे. एकाची घडी घालावी तोवर दुसरं अंगावर पडतं. वेल्ह्यापर्यंत जीप काही उडत जाणार नव्हती. तोवर तुम्हाला दुकान दाखवते.

*

ते दुकान म्हणजे मुळात पिठाची गिरणी. शालनचा नवरा गेला आणि गिरणीचा पट्टा थांबला. तिचे दीर नामदेव भाऊजी टेम्पो चालवतात. भाजीपाला, तांदूळ घेऊन पुण्याला जायचं आणि रिकामं परत यायचं. एका सोसायटीतल्या बायकांनी त्यांना सांगितलं, आमचे जुने कपडे, भांडी, खेळणी घेऊन जा, घरात पाय ठेवायला जागा नाही. भाऊजींनी आणून गिरणीत ओतलं. शालननं धुतलं, इस्त्री केली, बटणं लावली आणि मांडून ठेवलं.

पहिले काही दिवस कुणी आत येईना. वापरलेलं घ्यायचं म्हणजे लाज. मग एकेक बाई यायला लागली, पण प्रत्येकीचं म्हणणं एकच. “मला नगं बाई. शेजारणीनं बघायला सांगितलंय.”

पुरुषही तसेच. “गड्यासाठी हवा होता एक शर्ट.” ज्याच्या घरी गडी नाही, तोही गड्यासाठी शर्ट न्यायचा आणि अंगाला लावून बघताना पोट आत घ्यायचा.

हौसाक्का म्हणून दुकानात हात लावणाऱ्या आम्हा बायकांत एक म्हातारी आहे, मूळची पासलीची, तोंडानं फटकळ. दिवाळीत सगळं गाव नव्यासारखं नटून बाहेर पडलं, तेव्हा ती पायरीवर बसून म्हणाली, “आपल्या गावात शेजारणी आन् गडी लई झाल्यात यंदा.”

*

गाठोड्यातून काय निघेल याचा नेम नाही, आणि खरी मजा त्यातच. एकदा काळा झगा निघाला, पायघोळ, आणि वर चौकोनी टोपी, टोपीला गोंडा. कोमल, म्हणजे शालनची लेक, म्हणाली, “काकू, पदवी घेताना घालतात हे.” ती आमच्यातली शिकलेली. बारावी झाली आहे.

तो झगा बरेच दिवस खुंटीला लोंबत होता. मग गुंजवण्याचा एक शेतकरी आला आणि घेऊन गेला. भाताच्या खाचरात बुजगावणं उभं करायचं होतं त्याला. काळा झगा, चौकोनी टोपी, वाऱ्यावर गोंडा हलतोय. पाखरं तर सोडाच, कुत्रीसुद्धा लांबून जायला लागली.

येणारेजाणारे थांबून फोटो काढायचे. त्या शेतकऱ्याचा मुलगा शिकून दोन वर्षं घरीच होता. एकानं बापाला डिवचलं, “काय दादा, तुमच्याकडं शिकलेली माणसं नुसती हुबीच असत्यात व्हय?”

तो शांतपणे म्हणाला, “हुबा हाये, पण राखणीची नोकरी लागलीय त्याला. पोराला कधी लागती, वाट बघतोय.”

*

शनिवार-रविवारी राजगडावर जाणारी पुण्याची मंडळी येतात. त्यांना जुन्या वस्तूंचं भारी वेड. आमच्या बायका लाजून नेतात, आणि ह्या मिरवून नेतात.

अशीच एक ताई आली. आली, दोन चादरी हुंगल्या, चार पर्स उघडून बघितल्या. मग कोपऱ्यातली जांभळी पिशवी उचलली, पाठीला लावायची, आणि छातीशीच धरली. “अगं बाई, अशीच माझ्याकडं होती. उगाच देऊन टाकली. किती दिवस हळहळत होते.”

तिनं घासाघीस केली नाही, पैसे दिले. मग सहज बाजूचा कप्पा उघडला, तर आतून तिचंच नाव घातलेली चिठ्ठी निघाली. मुलाच्या सहलीला केली होती म्हणे. ताई पिशवीकडं बघते, आम्ही ताईकडं बघतो. शालन बिचारी पैसे परत करायला निघाली.

हौसाक्का मधे पडली. “ऱ्हाऊ दे गं. ताई, परत कधी टाकून द्याल, तेव्हा आमच्याकडंच टाका. आमाला आता वळख झाली पिशवीची.”

*

आता कागदाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच येऊन अडलंय.

लग्नाच्या पत्रिका प्रत्येकाच्या घरी साठतात. वर गणपती छापलेला, म्हणून रद्दीत घालता येत नाही, चुलीत घालता येत नाही आणि पायदळी तर मुळीच नाही. मग माळ्यावर एक पिशवी, ती भरली की दुसरी. मालक-मालकीण म्हातारे होतात, पत्रिकांतल्या पोरींची पोरं शाळेत जातात, पिशव्या तिथंच. शालन म्हणाली, माझ्याकडं द्या, मी नीट मार्गी लावते. तर बायका रांगेनं पिशव्या घेऊन आल्या. कपडे घ्यायला लाजणाऱ्यासुद्धा आल्या.

पहिलं काम गणपती कापून वेगळे करायचं. ते हौसाक्काकडं. म्हातारीची नजर आता अधू, हात कापतो. कात्री चालवताना तिचं गणपतीशी बोलणं चालू. “सोंड वाचली बघ. कान जरा गेला, तेवढं पोटात घाल.”

कापलेल्या गणपतींनी डबा भरला. त्यांचं काय करायचं? गिरणीची मागची भिंत एसटी स्टँडकडं आहे, आणि पुरुषमाणसं तिथं कशाला उभी राहतात ते मी लिहीत नाही. हौसाक्कानं खळ केली आणि वळचणीखालच्या त्या भिंतीवर गणपती चिकटवून टाकले. रांगेत, कान गेलेले खालच्या ओळीत. दुसऱ्या दिवसापासून भिंत कोरडी.

पण आठवडाभरात तिथं कुणीतरी फुलं वाहिली. मग उदबत्ती. मग एक अख्खा नारळ.

नारळाचं काय झालं, म्हणाल तर त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या डब्यात चटणी होती. मी हौसाक्काला विचारलं, “पाप न्हाई का लागणार?”

“भिंत कुणी वाचवली?” ती म्हणाली. “मग परसाद कुणाचा?”

*

उरलेल्या पत्रिका फाडून पिंपात भिजत घालायच्या. चार दिवसांनी त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची, म्हणजे किडा लागत नाही, आणि लगदा होईपर्यंत तुडवायचं. आमच्या आया असंच करायच्या, पाट्या, टोपल्या, सूप लिंपायला. त्यात नवं काही नाही. नवं एवढंच, की आता त्याच टोपलीला रंग दिला की पुण्याच्या बायका ती दिवाणखान्यात ठेवतात.

भोरच्या एका बाईंनी टोपली हातात घेऊन कौतुकानं विचारलं, “पूर्ण हातानं केलेलं आहे ना हे?”

हौसाक्का खोटं बोलत नाही. म्हणाली, “न्हाई ताई. निम्मं पायानं.”

बाईंनी टोपली खाली ठेवली. मग जरा विचार केला, परत उचलली आणि आणखी एक घेतली. विहिणीला द्यायला, म्हणाल्या.

कोमलनं पुढची उडी मारली. मोबाईलवर बघून तिनं त्या लगद्याचा कागदच केला. जुन्या फोटोची चौकट, तिला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवलेली. ती पातळ लगद्यात बुडवायची, हळूच उचलायची, पाणी गळू द्यायचं आणि कागद दोरीवर वाळत घालायचा. पहिले कागद वाकडेतिकडे फुगले. हौसाक्का म्हणाली, “तळायचे का भाजायचे?”

पण पोरीनं चिकाटी सोडली नाही. आता असा कागद होतो, की हात फिरवत बसावंसं वाटतं. त्यात मधेच सोनेरी ठिपका दिसतो, लाल धागा दिसतो, कुठं अर्धवट ‘आग्रहाचे’ तर कुठं ‘सहकुटुंब’. कितीतरी लग्नं एका कागदात.

*

आणि लग्नावरून कोमलचं लग्न.

सागर म्हणून मुलगा, घर भोरला, हायवेवर कंपनीत कामाला, नसरापुरात खोली घेऊन राहायचा. खोलीवर स्वयंपाकाला जुना कुकर घ्यायला म्हणून आमच्याकडं आला. कोमलनं दाखवला, घेऊन गेला. पुढच्या रविवारी परत. “शिट्टी नीट होत नाही.” कोमलनं शिट्टी बदलून दिली. पुढच्या रविवारी परत. “आता रबर ढिलं वाटतंय.” रबर बदललं.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा दारात उभा, केस विंचरून.

हौसाक्कानं वरपासून खालपर्यंत बघितलं. “आता काय बिघडलं?”

“कुकरच.”

“आन् कुकर कुठाय?”

त्यानं दोन्ही हातांकडं बघितलं. “घरी राहिला.”

मीच मग शालनला म्हटलं, मुलाच्या आईला निरोप धाड, नाहीतर आपल्या दुकानातला सगळा भांड्यांचा माल हा पोरगा दुरुस्तीला आणील.

सुमनबाई, म्हणजे सागरची आई, बघायला आल्या. त्याही शालनसारख्याच. नवरा लवकर गेला, भोरला ब्लाऊज शिवून मुलाला मोठं केलं. बाई कडक. दुकानात शिरताना पदर सावरून घेतला, कशाला अंग लागू नये असा. मुलगी पसंत आहे म्हणाल्या, पण जाताना दाराशी थांबून शालनला सांगितलं, “एक गोष्ट. लग्नात मुलीच्या अंगावर वापरलेलं काही नको. आमच्या घरात हे चालत नाही.”

शालन नुसती मान हलवत राहिली. तेव्हापासून तिला एकच धास्ती, ह्या बाईंना काही खटकलं आणि लग्न फिसकटलं तर? कोमलचा जीव त्या मुलात गुंतलेला, हे तर चौकटीतल्या मच्छरदाणीलाही कळत होतं.

*

जीप वेल्ह्यात थांबली. मी घरी न जाता पिशवीसकट दुकानात गेले.

शालन पदर तोंडाला लावून खुर्चीत. नामदेव भाऊजी दाराशी, टेम्पोची किल्ली बोटावर फिरवत. आणि पिंपात कोमल. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय दणादण चाललेले. पाणी लालभडक, वर सोनेरी वर्ख तरंगतोय. नव्या कोऱ्या पत्रिकांचा रंगच वेगळा दिसतो.

मी विचारलं, “फाडल्या कुणी?”

हौसाक्का म्हणाली, “जी तुडवतीया तिनंच.”

मला वाटलं होतं चुकून झालं असेल. टेम्पोतून गाठोड्यांबरोबर पत्रिकांचा गठ्ठा आला असेल आणि कुणीतरी जुन्या म्हणून भिजत घातला असेल. तसं काही नव्हतं. मी पुण्याला गेले त्याच दिवशी कोमलनं गठ्ठा उघडला, एक पत्रिका वाचली, कात्री घेतली, गणपती कापून डब्यात ठेवले आणि बाकीच्या फाडून पिंपात घातल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांनी बघितलं आणि बातमी जीपमध्ये बसली.

वाचायला ठेवलेली एक पत्रिका माझ्या हातात दिली. कै. अमुक यांची कन्या. निमंत्रक नामदेव भाऊजी. खाली चुलते, चुलत चुलते, मामा, आत्याचे यजमान. किलबिल म्हणून सगळ्यात खाली चिंटू, परी, सोन्या, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’. सोन्याला अजून दातसुद्धा आले नाहीत. त्याचं नाव होतं. शालनचं कुठंच नव्हतं.

भाऊजी मला म्हणाले, “मंदावहिनी, तुमीच सांगा. म्या काय मुद्दाम केलं? आपल्याकडं रीतच हाये. नवरा न्हाई तिचं नाव पत्रिकेत घालत न्हाईत. छापणाऱ्यानं ईचारलंबी न्हाई.”

“काका, तुमच्यावर राग न्हाई माझा,” कोमल पिंपातूनच म्हणाली. “पण मला वाढवलं कुणी? सोन्यानं?”

शालन रडवेली झाली. “माझ्या नावानं काय अडलंय गं? उद्या त्या सुमनबाईंनी ऐकलं तर? माझ्यापायी तुझं घर बसायच्या आधी मोडंल.”

कोमलचे पाय थांबले. ती घाबरलेली होती, मला दिसलं. पण ती एवढंच म्हणाली, “मोडलं तर मोडलं. बिननावाच्या आईची लेक होऊन म्या जाणार न्हाई.” आणि परत तुडवायला लागली.

त्या दिवशी आम्ही कुणीच तिला अडवलं नाही. मी चहा टाकला. भाऊजींनी किल्ली खिशात घातली आणि मच्छरदाणीची चौकट धरायला बसले. वाकडी धरत होते, पण धरत होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुमनबाई आल्या. एकट्याच. बातमी भोरला आमच्याआधी पोचली होती.

दोरीवर कागद वाळत होते, गुलाबी झाक असलेले, मधे मधे वर्ख चमकणारे. वाळलेल्या एका कागदावर कोमल नुकतीच लिहायला बसली होती. तिचं अक्षर सुरेख आहे. शालन उठून उभी राहिली आणि पदरानं खुर्ची पुसायला लागली. हौसाक्का गप्प. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं.

सुमनबाई बसल्या नाहीत. “खरंय का?”

“काय, मावशी?” कोमलनं विचारलं.

“सगळीकडं बोलतायत ते. पत्रिका फाडल्या, लग्न मोडलं.”

“अर्धं खरंय.”

“कुठलं अर्धं?”

“पत्रिका फाडल्या. म्या फाडल्या. लग्न तुमी म्हणाल तर मोडंल. माझ्याकडनं न्हाई.”

“फाडायचं कारण?”

कोमलनं ती राखून ठेवलेली पत्रिका पुढं केली. “वाचा. माझी आई कुठं सापडती का बघा.”

सुमनबाईंनी चष्मा काढून लावला. आधी मुलीची बाजू वाचली, बोट फिरवत, सोन्यापर्यंत. मग बोट मुलाच्या बाजूला गेलं. कै. अमुक यांचे चिरंजीव. निमंत्रक म्हणून त्यांचे थोरले दीर. दीरांची मुलं, सुना, नातू. बोट खालपर्यंत गेलं आणि परत वर आलं. पुन्हा सावकाश खाली गेलं.

बाहेर एसटीचा कंडक्टर दार आपटत होता.

सुमनबाईंनी पत्रिकेची घडी घातली आणि पिंपापाशी गेल्या. शालन पुढं होणार तेवढ्यात त्यांनी ती घडी फाडली, दोन तुकडे, चार तुकडे, आणि पाण्यात सोडली. मग दोरीवरचा कागद दोन बोटांत धरून चोळून बघितला, कापड बघावं तसा.

“ह्याच्यावर लिहिणार नवीन?”

“व्हय.”

“हातानं?”

“हातानं.”

कोमलनं लिहायला घेतलेला कागद त्यांनी उचलला. वर एकच ओळ झाली होती, श्रीमती शालन. सुमनबाईंनी शिलाईवाल्या बाया मापतात तशी कागदावर आडवी वीत टाकली, मग उभी टाकली, आणि मान हलवली.

“दोघी आयांची नावं बसायची नाहीत ह्यात,” त्या म्हणाल्या. “कागद जरा मोठा घ्या.”